सुगंध किती दिवस टिकतो, तेही विचारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुगंधी वनस्पतींची तेले सूक्ष्म कवचात बंद करून साठवणुकीतील किडी मारण्याच्या प्रयोगांवर आपल्या दैनिकाच्या विज्ञान पानावर लेख आला, त्याबद्दल आधी मनापासून आभार. शेतात उभ्या पिकावर अळी पडली की बातमी होते. तेच पीक कापून, मळून, पोत्यात भरून ठेवल्यावर आतून पोकळ होत जाते, तेव्हा त्याची बातमी होत नाही. त्यामुळे हा लेख पाहून मला फार बरे वाटले. पण त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडले. तेलाच्या वाफेने चोवीस तासांत सगळे किडे मेले, असे त्यात म्हटले होते. कोणते किडे, कोणत्या अवस्थेतले, किती धान्यात ठेवलेले, आणि पंचविसाव्या तासापासून पुढे काय झाले, यातले काहीच लेखात नव्हते. माझ्या मते या साऱ्या संशोधनाचे मर्म याच प्रश्नांत आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

साठवणुकीतील किडींवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेतून मी तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. प्रयोग शास्त्रज्ञ आखत. त्यांना लागणारे किडे वाढवणे, एका वयाचे किडे वेगळे काढणे, औषध दिल्यावर मेलेले आणि जिवंत मोजणे हे माझे काम. काचेच्या बरण्या, तोंडाला बांधलेले मलमलीचे फडके, साधारण २७ ते २८ अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता. पिठातला तांबडा भुंगेरा स्वच्छ काचेवर चढू शकत नाही, त्यामुळे त्याची बरणी उघडायला भीती नसे. सोंडकिडा मात्र काचेवरून सरळ वर येतो, त्याच्या बरणीशी हलगर्जीपणा चालत नाही. तांबड्या भुंगेऱ्यांची संख्या वाढली की ते क्विनोन वर्गातील रसायने सोडतात, पिठाला उग्र दर्प येतो आणि रंगही गुलाबीसर होतो. बरणीचे फडके सोडताक्षणीच आत गर्दी किती झाली आहे याचा अंदाज नाकाला येई.

या कामात सर्वांत जास्त शिकवले ते सोंडकिड्याने. त्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक छिद्र पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने ते छिद्र बुजवून टाकते. पुढे अंड्यातून अळी निघते, ती दाण्याच्या आतच खाते, आतच कात टाकते, आतच कोषात जाते, आणि शेवटी प्रौढ किडा दाणा कुरतडून बाहेर पडतो. उबदार हवेत या साऱ्याला चार ते पाच आठवडे लागतात, हवा थंड असेल तर त्याहून जास्त. एका वयाचे किडे हवे असतील तर आम्ही प्रौढ किडे काही दिवस स्वच्छ धान्यावर सोडत असू आणि मग चाळून काढून घेत असू. त्यानंतर कितीतरी दिवस ती बरणी बघावी तर नितळ, निरोगी धान्याची. एकही किडा दिसत नाही, भुकटी नाही, छिद्र नाही. तरी आत शेकडो जीव वाढत असतात. धान्य कोमट पाण्यात भिजवून ॲसिड फुक्सिन या रंगात काही मिनिटे ठेवले आणि धुतले की बुजवलेल्या प्रत्येक छिद्रावर गडद लाल ठिपका उमटतो. चांगले म्हणून बाजूला ठेवलेल्या धान्यात असे लाल ठिपके पहिल्यांदा पाहिले की माणूस नुसत्या नजरेवर विश्वास ठेवणे कायमचे सोडून देतो.

सगळ्या किडी अशाच वागतात असे नाही. दाणे पोखरणारा छोटा भुंगेरा अंडी दाण्याबाहेर घालतो, पण अंड्यातून निघालेली अळी दाण्यात शिरते. कडधान्यावरचा भुंगेरा दाण्याच्या सालीवर पांढरी अंडी चिकटवतो आणि अळी अंड्याच्या तळातून थेट दाण्यात घुसते. धान्यातल्या पतंगाची अळीही दाण्यातच वाढते. तांबडा भुंगेरा मात्र आयुष्यभर बाहेर, पिठात आणि फुटक्या दाण्यांत राहतो. म्हणजे साठवणुकीतल्या अनेक मोठ्या शत्रूंच्या आयुष्याचा फार मोठा भाग दाण्याच्या भिंतीआड जातो. आपल्याला दिसतो तो प्रौढ किडा. तो मारणे हे या कामातले त्यातल्या त्यात सोपे काम.

आता तेलांकडे वळते. ही तेले नुसता वास देतात असे कुणी समजू नये. लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल, निलगिरीतले सिनिओल, गवती चहातले सिट्रल, शहाजिऱ्यातले कार्व्होन, दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड, लिंबूवर्गीय सालीतले लिमोनिन ही सारी कीटकांच्या शरीरावर निश्चित परिणाम करणारी रसायने आहेत. वाफ कीटकाच्या श्वासछिद्रांतून आत जाते, त्याच्या त्वचेवरच्या मेणचट थरातूनही मुरते, आणि मुख्य घाव मज्जासंस्थेवर बसतो. युजेनॉलसारखी काही संयुगे ऑक्टोपामिन या कीटकांच्या चेतारसायनाच्या कामात ढवळाढवळ करतात. थायमॉलचा परिणाम गाबा या मज्जासंदेश शांत करणाऱ्या रसायनाच्या ग्राहकांवर, म्हणजे ते रसायन स्वीकारणाऱ्या पेशींवरच्या जागांवर होतो. काही संयुगे ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जासंस्थेतले विकर (एन्झाइम) अडवतात, पण तो परिणाम बऱ्याचदा सौम्य असतो. ऑक्टोपामिनचे कीटकांच्या शरीरात जे महत्त्व आहे ते आपल्या शरीरात नाही, म्हणून या मार्गाने काम करणारी संयुगे माणसाला तुलनेने कमी घातक ठरतात. १९९० च्या दशकात इस्राएलमध्ये एली शाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कितीतरी तेलांची धुरीसारखी चाचणी घेतली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये कॅथरिन रेनो-रोजे यांनी घेवड्यावरच्या भुंगेऱ्यावर काम केले. तेव्हापासून जगभर या विषयावर शोधनिबंधांचा पाऊस पडतो आहे. इतके निबंध आणि प्रत्यक्ष कोठारात इतका कमी वापर, असे का, हे लेखात यायला हवे होते.

त्याचे पहिले कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. कोठारात आज सर्वाधिक वापरला जाणारा धुरीचा वायू म्हणजे फॉस्फिन. त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंशांच्या आसपास आहे. कोठाराच्या तापमानाला तो पूर्ण वायू असतो, वजनाला हवेपेक्षा किंचितच जड, आणि रेणू इतका लहान की पोत्यांच्या थप्पीच्या गाभ्यापर्यंत आणि दाण्याच्या आतपर्यंत पोचतो. याउलट सिनिओल आणि लिमोनिन सुमारे १७६ अंशांना उकळतात, थायमॉल २३२ अंशांना, युजेनॉल २५० अंशांच्याही वर. यांची वाफ होते, पण हवेत थोडीच मावते आणि हळू पसरते. त्यात धान्य स्वतः ही वाफ शोषून घेते. दाण्याचा पृष्ठभाग, त्यातले पिष्ट आणि स्निग्धांश हे सगळे त्या वाफेचे गिऱ्हाईक. रिकाम्या बरणीत किड्यांना मारणारी मात्रा धान्याने भरलेल्या बरणीत अपुरी पडते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. मीही पाहिले आहे. तेच तेल, त्याच बरण्या, तेच किडे. एका बरणीत नुसते किडे, दुसरीत धान्य आणि किडे. दुसऱ्या दिवशी पहिल्या बरणीत सगळे आडवे, दुसऱ्या बरणीत निम्म्याहून जास्त चालताना दिसायचे. म्हणून ज्या निबंधात बरणी रिकामी होती की भरलेली हे लिहिलेले नसते, त्याच्या टक्केवारीवर मी भरवसा ठेवत नाही.

दुसरे कारण काळाचे. उघडे तेल उडून जाते. हवेतल्या ऑक्सिजनने आणि उजेडाने त्याचे घटक बदलतात. लिमोनिन आणि लिनलूल या सुगंधी घटकांचे ऑक्सिडीकरण झाले की त्वचेला ॲलर्जी आणणारी संयुगे तयार होतात. म्हणजे किड्याला मारायची ताकद घटते आणि हाताळणाऱ्याला त्रास मात्र वाढतो. उघड्या तेलाचा प्रभाव काही दिवसांत ओसरतो आणि सोंडकिडा दाण्यात महिनाभर असतो. या दोन आकड्यांमधली दरी भरून काढणे हेच कवचाचे खरे काम आहे. माझ्या दृष्टीने कवचबंद तेलाचा प्रत्येक प्रयोग याच कसोटीवर तपासला पाहिजे.

कवचात बंद करण्याची कला जुनी आहे. १९५० च्या दशकात कार्बनरहित नकलेचा कागद निघाला, त्यात रंगाचे थेंब जिलेटिनच्या सूक्ष्म कुप्यांत भरून कागदावर पसरलेले असत आणि पेनाच्या दाबाने ते फुटत. खाद्यपदार्थांतले स्वाद टिकवण्यासाठी डिंक आणि माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये तेल घोळवून फवारणीने सुकवतात, तेही कवचच. किडींसाठी आज जे साहित्य वापरून पाहिले जाते त्यात कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान आहे. सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या साथीने त्याचे सूक्ष्मकण बांधले जातात. सायक्लोडेक्स्ट्रिन हे पिष्टापासून बनणारे संयुग आहे, ज्याच्या बीटा प्रकारात ग्लुकोजचे सात घटक कड्यासारखे जोडलेले असतात आणि मधल्या पोकळीत तेलाचा रेणू जाऊन बसतो. समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट आहे, सिलिका आहे, पॉलिएथिलिन ग्लायकोल हे मेणासारखे कृत्रिम बहुवारिक आहे.

हे कवच खरोखर काय करू शकते याचे मला आवडणारे उदाहरण २००९ सालचे आहे. चीनमधल्या संशोधकांनी लसणाचे तेल पॉलिएथिलिन ग्लायकोलच्या कणांत भरले. कण २४० नॅनोमीटरपेक्षा लहान होते. तांबड्या भुंगेऱ्यावर पाच महिन्यांनंतरही त्याचा प्रभाव ८० टक्क्यांच्या वर राहिला, उघड्या लसूण तेलाचा प्रभाव तेवढ्याच काळात ११ टक्क्यांवर आला. २०१४ मध्ये अर्जेंटिनातल्या एका गटाने जिरेनियम आणि बर्गामॉटच्या तेलांचे असेच कण तयार करून तांबडा भुंगेरा आणि दाणे पोखरणारा भुंगेरा या दोघांवर तपासले. मला यातले महिने महत्त्वाचे वाटतात. पाच महिने म्हणजे सोंडकिड्याच्या जवळपास चार-पाच पिढ्या. एवढा काळ प्रभाव टिकत असेल तर दाण्यातून उशिरा बाहेर पडणारा किडाही सापडेल, आणि अंडी घालायला फिरणारी मादीही. बारीक कणांचा आणखी एक फायदा आहे. ते दाण्यांवर बसतात, किडा चालताना त्याच्या पायांना, पोटाला चिकटतात. मग वाफेवर अवलंबून न राहता तेल सरळ त्याच्या अंगावर पोचते. धान्य वाफ शोषते ही अडचण त्यामुळे बरीच कमी होते.

इथपर्यंत आनंदच आहे. पण इथेच एक गुंता आहे आणि त्यावर कुणी पुरेसे बोलत नाही, म्हणून मी जरा थांबून लिहिते.

कवच जितके घट्ट, तितके तेल हळू बाहेर येणार. तेल जितके हळू बाहेर येणार, तितकी कोणत्याही एका दिवशी हवेतली मात्रा कमी. म्हणजे टिकाऊपणा आणि मारकपणा एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. बहुतेक कवचांतून पहिल्या दिवसांत पृष्ठभागावरचे तेल भसकन बाहेर पडते आणि पुढे धार बारीक होत जाते. पहिल्या दिवसांत प्रौढ किडे मरतात, प्रयोगाचा आलेख सुंदर दिसतो. पण दाण्यातली पिढी बाहेर पडते ती त्या बारीक धारेच्या काळात. त्या वेळी हवेत तेल आहे, पण मारण्याइतके नाही. अशा मात्रेत काही किडे कमी खातात, माद्या कमी अंडी घालतात, हा लाभ खरा आहे आणि तो मोजलाही गेला आहे. पण जे किडे यातून जिवंत राहतात ते कोण असतात? जे थोडे जास्त सहन करू शकतात तेच. त्यांचीच पुढची पिढी वाढते.

ही नुसती शंका नाही. फॉस्फिनच्या बाबतीत हेच घडून गेले आहे. १९७२-७३ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने अनेक देशांतील साठवणुकीच्या किडींची पाहणी केली, तेव्हाच फॉस्फिनला दाद न देणाऱ्या किडी सापडल्या होत्या. फॉस्फिन पूर्ण परिणाम करते ते कोठार किंवा थप्पी नीट बंद करून कित्येक दिवस वायू आत धरून ठेवला तर. मात्रा वाढवून वेळ वाचत नाही, कारण या वायूत मात्रेपेक्षा काळ जास्त मोलाचा आहे, आणि अंडी व कोष या अवस्था श्वास कमी घेतात म्हणून जास्त तग धरतात. ताडपत्री फाटकी, कडा वाळूच्या पिशव्यांनी न दाबलेल्या, वायू दोन दिवसांत गळून गेलेला, अशी धुरी वर्षानुवर्षे कुठे ना कुठे दिली गेली. अर्धवट मात्रेत जे वाचले त्यांनी पुढची पिढी वाढवली. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की तीव्र प्रतिकारामागे डायहायड्रोलिपोअमाइड डिहायड्रोजनेज या विकराच्या जनुकातले बदल आहेत. पेशीला ऊर्जा पुरवण्याच्या अगदी मूळ कामातले हे विकर. म्हणजे किडीने आपल्या जगण्याच्या मुळाशी असलेली गोष्टच बदलून घेतली. मिथिल ब्रोमाइड हा दुसरा जुना वायू ओझोन थराला मारक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार बाद झाला. विकसित देशांत २००५ मध्ये, विकसनशील देशांत २०१५ मध्ये. आता तो फक्त विलगीकरण आणि निर्यातपूर्व धुरीपुरता उरला आहे. आपल्या हातातली साधने अशी एकेक करून कमी झाली आहेत. नवे साधन हातात येताना तरी जुन्या चालीने ते बोथट करून घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तेलात एकाहून अधिक घटक असतात, ते वेगवेगळ्या जागी घाव घालतात, म्हणून प्रतिकार सहज येणार नाही, असे याचे उत्तर दिले जाते. त्यात तथ्य आहे. पण मग कवचात पूर्ण तेल भरा, त्यातला एकच घटक वेगळा काढून नको. आणि तेलातल्या घटकांचे प्रमाण दर वेळी तपासा, कारण वनस्पती तीच असली तरी तेल तेच असेल याची खात्री नसते. थाइम या एकाच वनस्पतीचे थायमॉल भरपूर असलेले, कार्व्हॅक्रॉल भरपूर असलेले, लिनलूल भरपूर असलेले असे वेगवेगळे रासायनिक प्रकार आहेत. हंगाम, जमीन, पानांचे वय, ऊर्ध्वपातनाचा वेळ यांनीही फरक पडतो. नुसते वनस्पतीचे नाव लिहून घटकांचे प्रमाण न देणारा प्रयोग दुसऱ्याला तंतोतंत पुन्हा करता येत नाही.

मेले म्हणजे काय, हेही एकदा नीट लिहून ठेवले पाहिजे. सोंडकिडा धक्का लागला की पाय पोटाशी ओढून निपचित पडतो. मेल्याचे सोंग म्हणावे इतके हुबेहूब. शिवाय तेलाच्या वाफेने किडे आधी गुंगतात, उताणे पडून पाय हलवतात, मग तेही थांबते. त्या क्षणी मोजले तर सगळे मृत. त्यांनाच स्वच्छ हवेत, ताज्या धान्यावर ठेवून दुसऱ्या दिवशी पाहिले तर त्यातले काही चालू लागलेले असतात. मी हे अनेकदा पाहिले आहे, म्हणून आमच्याकडे किड्याला बारीक ब्रशने स्पर्श करून, थोडी ऊब देऊन, आणि स्वच्छ हवेत एक रात्र ठेवूनच मोजणी होई. बातमीत मृत्यूचा आकडा देताना मोजणी लगेच झाली की नंतर, हे एका शब्दात सांगता येते.

नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, हे वाक्य मात्र आपल्या पानावर पुन्हा येऊ नये असे मला मनापासून वाटते. उंदरांवरच्या चाचणीत युजेनॉलची निम्म्या प्राण्यांना मारणारी मात्रा दर किलो वजनाला २,६८० मिलिग्रॅम आहे, थायमॉलची ९८०. म्हणजे नैसर्गिक तेलांतही दुपटी-तिपटीचे अंतर आहे. पेनीरॉयल पुदिन्यातले प्युलेगोन यकृताला इजा करते, कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, निलगिरीचे तेलही मुलांसाठी घातकच. तरीही फॉस्फिनशी तुलना केली तर तेलांची बाजू कितीतरी उजवी आहे. ज्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू निघतो त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या विषबाधेवर आजही नेमका उतारा नाही, आणि त्या गोळ्या माणसे राहतात त्या जागी ठेवल्यामुळे माणसे गेली आहेत. एवढ्या एकाच कारणासाठी तेलांच्या संशोधनाला भरपूर पाठबळ मिळाले पाहिजे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये कमी जोखमीच्या घटकांना नोंदणीतून सूट दिली, त्यांत लवंग, दालचिनी, थाइम, रोझमेरी, लसूण, गवती चहा यांची तेले आहेत. पण ती सूट तेलाची आहे. तेल ज्या कवचात भरले ते कवच, त्यातले रसायन, नॅनो आकाराच्या कणांचे पोटात गेल्यावर काय होते, कवचधारी जलचरांची ॲलर्जी असणाऱ्या माणसाला कायटोसान चालेल का, हे प्रश्न स्वतंत्रपणे तपासावे लागतील. कण धान्यावर चिकटून राहणे हा किडीविरुद्धचा गुण आहे, आणि खाणाऱ्यासाठी तोच काळजीचा मुद्दा आहे.

बियाण्याचा मुद्दा लेखात अजिबात नव्हता. थायमॉल, कार्व्हॅक्रॉल, कार्व्होन, सिनॅमाल्डिहाइड ही संयुगे उगवण रोखू शकतात. कार्व्होन आणि पहाडी पुदिन्याचे तेल तर साठवलेल्या बटाट्याला कोंब फुटू नयेत म्हणून मुद्दाम वापरतात. बटाट्याला जो उपकार तोच पेरणीच्या धान्याला अपकार ठरू शकतो. बियाण्यावर असे कण लावायचे असतील तर साठवणुकीच्या अखेरीस उगवणक्षमता तपासलीच पाहिजे, आणि तो आकडा किडींच्या आकड्याशेजारी छापलाच पाहिजे. खाण्याच्या धान्यात वास किती उरतो हेही असेच. किडीपासून वाचलेले पण लवंगेचा वास मारणारे धान्य कुणी घेणार नसेल तर त्या वाचवण्याचा उपयोग थोडा.

मग हे कवचबंद तेल कुठे वापरावे? हजारो पोत्यांच्या थप्पीत फॉस्फिनच्या जागी ते आज बसेल असे मला वाटत नाही, आणि तसे भासवणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे. रिकामे कोठार झाडून झाल्यावर भिंतींच्या भेगा, फळ्यांच्या सांधी, पोत्यांच्या शिवणी, जिथे जुन्या हंगामातले किडे दबा धरून बसतात, तिथे मात्र ते फार कामाचे ठरेल. तिथे धान्याशी थेट संबंध नाही, मात्रा जास्त देता येते आणि वासाचा प्रश्न येत नाही. दुसरी जागा म्हणजे हवाबंद पिशवी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक यांच्या गटाने कॅमेरूनमध्ये चवळी टिकवण्यासाठी तीन थरांची पिशवी विकसित केली. आत प्लॅस्टिकच्या दोन जाड पिशव्या, बाहेर विणलेले पोते. किडे आतला ऑक्सिजन स्वतःच श्वासाने संपवतात आणि वाढ थांबते. यात रसायन काहीच नाही. पण पिशवी भरल्यापासून ऑक्सिजन उतरेपर्यंत जो काळ जातो त्यात किडे दाणे पोखरतात, क्वचित प्लॅस्टिकही कुरतडतात. नेमक्या त्या काळात कवचबंद तेलाची एक पुडी आत असेल, आणि पिशवी बंद असल्यामुळे वाफ बाहेर जाणार नसेल, तर दोन्ही उपायांच्या उणिवा एकमेकांनी भरून निघतात. ही जोडी नीट तपासली जावी अशी माझी फार इच्छा आहे. धान्य १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून भरलेले असेल तर किडींची वाढ आधीच मंदावते आणि बुरशीही रोखली जाते. ओले धान्य भरून वर कितीही उत्तम कवच टाकले तरी फळ मिळणार नाही.

संपादक महोदय, आपल्या विज्ञान पानाने हा विषय सोडू नये. ज्या संशोधकांचे काम आपण छापता त्यांना बातमीदाराने चार गोष्टी विचाराव्यात. बरणी धान्याने भरलेली होती का? दाण्यातली अळी आणि कोष तपासले का, की फक्त प्रौढ किडे? कवचातले तेल महिनाअखेरीला मारक मात्रेत बाहेर पडत होते का? आणि उपचार केलेल्या धान्यातून पुढची पिढी किती निघाली? शेवटचा प्रश्न मी सर्वांत वर ठेवीन. धान्य चाळून, मेलेले किडे काढून टाकून, ते पुन्हा बरणीत भरायचे आणि दीड-दोन महिने थांबून नव्याने निघालेले किडे मोजायचे. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत, फक्त थांबायची तयारी लागते. ज्या संशोधकांकडे हा आकडा आहे त्यांनी तो आपल्याकडे पाठवावा आणि आपण तो ठळकपणे छापावा. लेखात ज्यांच्या प्रयोगाचा उल्लेख होता त्यांच्याकडे तो असेल, तर पुढच्या अंकात वाचायला मिळावा ही विनंती.

कळावे,

आपली एक नियमित वाचक
(निवृत्त तंत्रज्ञ, साठवणूक कीटक प्रयोगशाळा)